दार कुठे उघडतं, ते आधी सांगा

‘याला येरवड्याला नेऊन सोडा रे!’

हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलंय? आणि खरं सांगा, किती वेळा स्वतः म्हटलंय? कॉलेजच्या कट्ट्यावर, एसटीच्या मागच्या सीटवर, वर्गात कुणी वेगळंच काही बोललं की हमखास. मी पण म्हटलंय. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावला येरवडा, मुंबईकडे ‘ठाणे’, कोकणात ‘रत्नागिरी’. गावांची नावं बदलतात, टोमणा तोच.

आता जरा थांबून बघा. येरवडा हे पुण्याचं साधं उपनगर आहे. तिथे लोक राहतात, भाजी आणतात, नोकरीला जातात. पण आपल्या तोंडी त्या नावाचा अर्थ एका इमारतीने ठरवला. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय ब्रिटिशांच्या काळातलं, अडीच हजारांहून जास्त खाटांचं. जवळच कारागृह. दोन्हीकडे उंच भिंती आणि मोठं फाटक. आत चांगले डॉक्टर असतील, चांगल्या परिचारिका असतील, रोज कुणीतरी बरं होऊन घरी जात असेल. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. त्याला भिंत दिसते. आणि भिंत सांगते की इथे आत गेलेला माणूस आपल्यातला राहिला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की इमारत बोलते. आत बसलेला समुपदेशक तोंड उघडायच्या आधी ती बोलून मोकळी झालेली असते.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. माझं गाव ओतूरच्या पुढे, शिकायला पुण्यात. त्या वर्षी घरी टोमॅटोने मार दिला होता. नारायणगावच्या बाजारात क्रेट न्यायचं भाडंसुद्धा सुटत नव्हतं. पप्पा फोनवर ‘सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर’ एवढंच म्हणायचे, आणि त्या ‘ठीक’ मधूनच मला सगळं कळायचं. रात्री झोप येईना. सकाळी उठवेना. लेक्चरला बसलं की छातीत धडधड. मैत्रीण म्हणाली, अगं कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे, जाऊन ये ना.

कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. तर तो कक्ष होता परीक्षा फॉर्मच्या खिडकीशेजारी. दारावर मोठी पाटी. बाहेर फॉर्म भरणाऱ्यांची रांग, म्हणजे आत जाणारा प्रत्येक जण रांगेतल्या पन्नास जणांसमोरून जाणार. मी रांगेत असल्यासारखं दाखवत उभी राहिले. खोलीची भिंत प्लायची, छतापर्यंत न पोचलेली, वर हातभर मोकळी. आणि त्या मोकळ्या जागेतून मला कुणाचं तरी रडणं ऐकू आलं. आवाज ओळखीचा होता. माझ्याच वर्गातली मुलगी.

मी तिथून निघाले ते थेट हॉस्टेलला. पुन्हा कधी त्या दाराशी गेले नाही. आतल्या मॅडम चांगल्या होत्या असं नंतर ऐकलं. असतीलच. पण त्यांच्या चांगुलपणावर हातभर फटीने पाणी फिरवलं. ती मुलगी पुढच्या सेमिस्टरला दिसली नाही. का गेली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ‘तुला कसं कळलं’ हे सांगावं लागलं असतं. आजही हे लिहिताना मला तीच गोष्ट टोचते.

माझं पुढे काय झालं? १४४१६. केंद्र सरकारची टेली-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मी फोन लावला तो हॉस्टेलच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीमागे बसून. कारण रूममध्ये तिघी होत्या. म्हणजे बघा, फोनवर बोलायलासुद्धा खोली लागतेच. ती नसली तर टाकी शोधावी लागते.

आता मुद्द्यावर येते. मला वाटतं, आपल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मानसिक आरोग्यासाठी एक स्वतंत्र इमारत उभी करावी. उपचार आणि संशोधन, दोन्ही एका छपराखाली. हे स्वप्नरंजन नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ ने मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे. कलम २० मध्ये उपचाराच्या जागी स्वच्छता हवी, सुरक्षितता हवी आणि खासगीपणा हवा असं लिहिलंय. खासगीपणा! म्हणजे छतापर्यंतची भिंत ही काही चैन नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात सांगितलं की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. आणि का सांगितलं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा आकडा बघा. त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थी आत्महत्येने गेले. राज्यांच्या यादीत पहिलं नाव महाराष्ट्राचं.

पण इमारत बांधायची म्हटलं की आपल्याकडे काय होतं, तुम्हाला माहितीये. कोनशिला, काचेची दर्शनी भिंत, मोठं नाव, फीत कापणं. म्हणून मी म्हणते, नकाशा काढणाऱ्यांनी पहिल्यांदा एकाच प्रश्नाचं उत्तर द्यावं. दार कुठे उघडतं?

म्हणजे काय, ते सांगते. आत जाणारा माणूस ‘कुठे चाललाय’ हे बाहेरच्याला कळलं नाही पाहिजे. त्याच दाराने ग्रंथालयात जाता यावं, चहाला जाता यावं, झेरॉक्सला जाता यावं. बेंगळुरूच्या निम्हान्सने हे ओळखलं. देशातली ही सगळ्यात नावाजलेली संस्था, १९७४ मध्ये जुनं मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एकत्र करून झालेली. उपचार, शिक्षण, संशोधन सगळं एकाच आवारात. पण त्यांनी लवकर मदत हवी असलेल्यांसाठी एक वेगळं केंद्र मुख्य आवारापासून दूर, बीटीएम लेआउट नावाच्या साध्या वस्तीत काढलं. कारण ‘निम्हान्सला चाललोय’ हे म्हणणंसुद्धा काहींना जड जातं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२२ मध्ये मानसोपचाराची नवी इमारत उघडली. लहान मुलांपासून मोठ्यांपर्यंतचे उपचार आणि संशोधक एकाच ठिकाणी, आणि मधोमध वरपर्यंत उजेड देणारा मोठा चौक. कोपऱ्यातली, तळघरातली, ‘तिकडे’ असलेली जागा नाही.

उजेड, झाडं वगैरे ऐकून कुणी म्हणेल, झाले यांचे लाड सुरू. तर एक जुना अभ्यास सांगते. रॉजर अल्रिच नावाच्या संशोधकाने १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो छापला. पेनसिल्व्हेनियातलं एक रुग्णालय. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले ४६ पेशंट. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले पेशंट लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधांचे जोरदार डोसही कमी लागले. ऑपरेशन तेच, हॉस्पिटल तेच. फरक खिडकीचा. पोटाच्या दुखण्याला खिडकी उपयोगी पडत असेल, तर मनाच्या दुखण्याला ती नको?

आणि आपल्याला उजेडाची, चौकाची अक्कल अमेरिकेकडूनच आणायची गरज नाही. लेण्याद्रीला तुम्ही गेलाच असाल. निदान शाळेच्या सहलीत तरी. गणपतीचं दर्शन घेऊन आपण खाली पळतो, पण पुढच्या वेळी जरा थांबून त्या देवळाची खोली बघा. मुळात तो बौद्ध भिक्खूंचा विहार. मधे मोठा सभामंडप, एकही खांब नाही. आणि तिन्ही बाजूंनी वीस छोट्या खोल्या. एकटं बसायचंय? खोली आहे. माणसांत यायचंय? दोन पावलांवर मंडप आहे. समोर कुकडीचं खोरं. आजारी मनाला याहून वेगळं काय हवं असतं? कधी एकटं राहू द्या, कधी एकटं सोडू नका, आणि यातलं काय केव्हा हवं ते माझं मला ठरवू द्या. आपल्या डोंगरात हा नकाशा जवळपास दोन हजार वर्षांपासून कोरलेला आहे. नवी इमारत काढणाऱ्या आर्किटेक्टने तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून एकदा तिथे बसावं, एवढंच.

तिसरी गोष्ट घरच्यांची. आपल्याकडे पेशंट एकटा येत नाही. आई येते, भाऊ येतो, डबा येतो, चुलत्याची जीप येते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहू दिलं. घरचे सोबत राहिले, आजार समजून घेतला आणि बरं झालेल्या माणसाला घेऊन घरी गेले. जुन्या भिंती नातं तोडायच्या, तंबूंनी ते टिकवलं. तेव्हा या इमारतीत आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून आलेल्या आईला रात्र काढायला जागा हवी. तिला परतीची एसटी मिळणार नाही हे नकाशातच धरलेलं हवं. पण त्याच वेळी, ज्या पोरीला घरच्यांना न सांगता यायचंय, तिला तसंही येता आलं पाहिजे. दोन्ही हवं.

आता संशोधनाचं. तुम्ही म्हणाल, उपचार कळले, संशोधनाशी आपला काय संबंध? खूप आहे. आपण आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतो, ते आठवा. ‘मला डिप्रेशन आलंय’ असं माझी आजी कधीच म्हणणार नाही. ती म्हणेल, कशात जीव लागत नाही. करमत नाही. डोकं जड झालंय. अंगात त्राण नाही. डॉक्टर तिला टॉनिक देणार. इंग्रजी प्रश्नावलीचं शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं, तर ही आजी त्या कागदावर ठणठणीत दिसेल. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. या न पोचण्यातला काही भाग तरी शब्दांचा असणार, असं मला वाटतं.

आणि प्रश्न तरी कुणाचे अभ्यासायचे? आपल्याकडे संध्याकाळी ऊसातून बिबट्या निघतो. सातनंतर क्लासवरून घरी येणाऱ्या मुलीच्या मनावर या भीतीचं काय होतं? डिंभे धरणात खुद्द आंबेगाव बुडालं, म्हणजे आपल्या तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे तेच पाण्याखाली आहे. घरं सोडावी लागलेल्या माणसांच्या नातवंडांना कुणी विचारलंय? टोमॅटोचा भाव पडला की त्या आठवड्यात घराघरात काय घडतं? एमपीएससीचा चौथा अटेम्प्ट देणारा दादा लग्नकार्यात का येत नाही? हे प्रश्न बोस्टनमध्ये सुचणार नाहीत. ते इथेच सुचतील, तेही इथल्या पोरांनी संशोधन केलं तर. मानसशास्त्र घेतलेल्या आपल्या तालुक्यातल्या मुलामुलींना तिथे काम मिळालं पाहिजे, नुसते फॉर्म भरून घ्यायचं काम नाही. आणि एक अट. उपचाराला आलेल्या माणसाला ‘आधी अभ्यासात नाव घाला’ असं कुणी म्हणता कामा नये. उपचाराचं दार आणि संशोधनाचं दार एकाच इमारतीत असावं, पण एकातून गेलं म्हणून दुसऱ्यातून जावंच लागेल असं नको.

आता खरा पेच. इमारत होणार कुठे? पुण्यात, गणेशखिंडीत. आणि आपण कुठे? जुन्नरहून निघायचं, वाकडेवाडीला उतरायचं, तिथून पुन्हा बस. जाऊन येऊन दिवस गेला. एका तासाच्या बोलण्यासाठी एक दिवस, भाडं आणि घरी सांगायला एक खोटं कारण. दर आठवड्याला कोण करेल? भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतून येणाऱ्या मुलाने तर विचारच सोडून द्यावा.

याचं उत्तर खोडदला उभं आहे. आपल्या जीएमआरटीत एकच भलीमोठी तबकडी नाही. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. १४ मध्यभागी जवळजवळ, बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरलेल्या, शेतांमधून, गावांशेजारून. त्या मिळून एक दुर्बीण होते. पसरलेल्या आहेत म्हणूनच तिला बारीक दिसतं. विद्यापीठाची ही इमारत अशी हवी. मधला भाग पुण्यात असू दे. पण तिच्या खोल्या जुन्नरच्या, ओतूरच्या, घोडेगावच्या, मंचरच्या कॉलेजांत हव्यात. त्याच नकाशातल्या, त्याच दर्जाच्या, छतापर्यंत भिंत असलेल्या. आठवड्यातले ठरलेले दिवस तिथे विद्यापीठाचा माणूस बसेल. जास्त त्रास असेल तर तोच मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयाशी किंवा पुण्याशी जोडून देईल. इमारतीच्या खर्चाचा हिशोब मांडताना या खोल्या पहिल्या पानावर हव्यात. ‘पुढच्या टप्प्यात’ असं लिहिलं, की समजायचं त्या कधीच होणार नाहीत.

माझ्या एका सिनियरने हे ऐकून विचारलं, ‘अगं, आधी माणसं नाहीत, तू भिंती काय मोजतेस?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा येत नाही. पैसे मोजकेच असतील तर पहिला पगार समुपदेशकाचा, यात वाद नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ या प्रकल्पात गावातल्याच लोकांना शिकवून त्रासात असलेल्यांना आधार द्यायचं काम झालं, त्याला काचेची इमारत लागली नाही. मान्य. पण मी त्या दिवशी परत फिरले ते माणूस नव्हता म्हणून नाही. माणूस होता, पगारही होता, पाटीही होती. मी परत फिरले ती भिंत अपुरी होती म्हणून. माणूस नेमायचा आणि त्याला तसल्या खोलीत बसवायचं, म्हणजे विहीर खोदून दोर न देण्यासारखं आहे. आणि प्लायची भिंत वर हातभर चढवायला कोट्यवधी लागत नाहीत.

म्हणून आता तुमच्याकडे काम देते. उद्या कॉलेजला गेलात की तुमचा समुपदेशन कक्ष शोधा. नसेल, तर प्राचार्यांना अर्ज द्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख मी वर लिहून दिलीये. असेल, तर बाहेर पाच मिनिटं उभे राहा. आतलं बोलणं ऐकू येतं का? रांगेतून जावं लागतं का? खिडकी आहे का, आणि तिच्यातून काय दिसतं? कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे असते? जे दिसेल ते लिहून विद्यार्थी प्रतिनिधीमार्फत प्राचार्यांना द्या. एक प्रत आमच्या या पानाकडे पाठवा. दोन्ही तालुक्यांतल्या खोल्या अशा कळल्या, तर इमारत मागताना आपल्याकडे नुसती हौस नाही, पुरावा असेल.

आणि हे वाचताना तुमचं स्वतःचंच काही बिनसलेलं असेल, तर इमारतीची वाट बघू नका. १४४१६, दिवसा-रात्री कधीही. टाकीमागे बसून केलेला फोनही चालतो, मी करून बघितलाय.

शेवटी, त्या मुलीला. तू हे वाचशील की नाही, माहीत नाही. त्या दिवशी बाहेर मी होते. मी ऐकलं, आणि कुणाला सांगितलं नाही. पण तुला तरी सांगायला हवं होतं की रांगेत उभी असलेली मी फॉर्म भरायला आले नव्हते. मला तुझ्याच नंतरचा नंबर हवा होता.